एकाच हाताचे तंतू

आवासा,
१२ फेब्रुवारी २०१५
(इथल्या पंचांगाने येकातित ५. तिथी सांगणारं कोणी नाही.)

चि. विदुला हिला अच्युतदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी आलं आणि पहिल्याच परिच्छेदात माझ्या गुडघ्याची चौकशी होती, तेव्हाच दुसऱ्या परिच्छेदात काम निघणार हे मी ओळखलं. गुडघा बरा आहे.

कामाकडे वळण्याआधी खुशाली. सरोवर जागेवर आहे. शेजारची येशिहारेग, जिला सगळे येशी म्हणतात, मला रोज दुपारी कॉफीला हाक मारते आणि गावभरच्या बातम्या कपाबरोबर देते. तिच्या कोंबड्यांची म्हणून ती जी अंडी मला पाठवते त्यांतली निम्मी बाजारातली असतात असा माझा जुना संशय आहे. पण कॉफी इतकी उत्तम असते की तो खटला मी पुराव्याअभावी दरवेळी सोडून देतो. तू म्हणतेस ईमेल कर. विभागाच्या संगणकावर मी काय लिहिलं ते माझ्याआधी इतरांना कळतं, असाही एक संशय आहे. म्हणून हे पत्र सुट्टीवर भारतात निघालेल्या आमच्या विभागातल्या वर्गीस सरांच्या हाती देतो आहे. तेही उघडून पाहतील, पण त्यांना मराठी येत नाही.

तर काम. तुझ्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे तंतू आणि राळ यांच्या संमिश्रांवर पीएच.डी. करायला एक जागा आहे, शिष्यवृत्तीसकट. ती आमच्या विद्यापीठातल्या माणसाला द्यायची ठरली आहे. इथून जे नाव येणार ते लेदामो हमेसो याचं, असं तुला कळलं आहे. आणि तू मला विचारतेस, ‘दादा, माणूस खरा आहे का, एवढंच सांग.’

एवढंच! अण्णांच्या न्यायशास्त्राच्या पाठशाळेत ‘खरं म्हणजे काय’ या प्रश्नावर आमचा एक अख्खा पावसाळा गेला होता आणि तू माझ्या मागे बसून मला चुकीची उत्तरं पुरवत होतीस. तेव्हा जरा दम धर.

लेदामो माझा विद्यार्थी. आता आमच्याच विभागात कनिष्ठ व्याख्याता आहे. वय तिशीच्या अलीकडचं, अंगाने सडपातळ, बोलणं मोजकं. वरच्या डोंगरातला, सिदामा लोकांपैकी. मला ‘गाशे’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं काका; तसं इथे मला सगळेच म्हणतात, त्यात त्याचा काही विशेष लोभ नाही. त्याने केलेल्या कामाचा जो अहवाल तुझ्याकडे येईल तो मी वाचला. चांगला आहे. नको इतका चांगला आहे.

सांगतो. त्याचा विषय एन्सेटचे तंतू. एन्सेट म्हणजे दिसायला हुबेहूब केळ, पण केळं एक येईल तर शपथ; इथे खातात तो त्याचा बुंधा. बुंध्याचे सोप, म्हणजे पानांचे जाड देठ, सोलायचे, कलत्या फळीवर टाकायचे आणि बांबूच्या पात्याने खरवडायचे. खाली पडतो तो गर खड्ड्यात पुरून आंबवतात, त्याची भाकरी होते. फळीवर उरतात ते पांढरे, लांब तंतू. लेदामोने ते राळेत बसवून पट्ट्या केल्या आणि ताण देऊन तोडल्या. आता तुला मी काय सांगू, तुझं आयुष्य त्यात गेलं: झाडाचा तंतू म्हणजे लहरी माणूस. एक तुटतो कमी ताणाला, दुसरा दुप्पट सोसतो. आकडे इकडेतिकडे पळतात. लेदामोचे आकडे पाठशाळेतल्या मुलांसारखे एका ओळीत बसले आहेत.

दुसरी गोष्ट. त्यात एक वाक्य आहे: हे तंतू मी स्वतः हाताने खरवडून काढले.

विदू, मी इथे एकोणीस वर्षं आहे. त्या डोंगरात एन्सेट लावतो पुरुष, तोडतो पुरुष; पण खरवडणं बाईचं. नुसतं बाईचं नाही, बायका खरवडायला बसल्या की पुरुषाने त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. नवरा असो, दीर असो, चर्चचा पाळक असो. सिदामा पुरुष खरवडायला बसला हे वाक्य म्हणजे ससा शिंग रोखून आला, असं झालं.

जिथे धूर तिथे अग्नी, एवढं तरी अण्णांनी शिकवलं. इथे मला धूर दिसतो आहे. चौकशी करून लिहितो. तोवर कोणाला काही बोलू नकोस. मीही बोललो नाही, म्हणजे फारसं नाही.

तुझा,
अच्युतदादा


आवासा,
६ मार्च

चि. विदुला,

आशीर्वाद. तुझी चार ओळींची चिठ्ठी वर्गीस सरांनी आणली. ‘दादा, तुझ्या संशयाला कधी पूर्णविराम असतो का?’ असतो. पुरावा मिळाला की.

येशीचे चर्चचे लांब उपास सुरू झाले आहेत, त्यामुळे घरात दूध नाही, लोणी नाही, अंडीही नाहीत. अंड्यांचा प्रश्न तात्पुरता धर्माने सोडवला. बाकी ठीक.

मी लेदामोच्या गावी जाऊन आलो. आर्बेगोनाच्याही वर, जिथे दुपारी बारालाही अंगावर शाल लागते. निमित्त काढलं मातीच्या नमुन्यांचं. त्यालाच बरोबर घेतलं. जीपमध्ये तो खिडकीकडे बघत बसला आणि मी त्याच्याकडे.

“गाशे, माती आपल्या आवारातपण आहे,” तो म्हणाला.

“तिच्यात तुझं एन्सेट उगवत नाही.”

“उगवतं. विभागप्रमुखांच्या बंगल्यामागे चार झाडं आहेत.”

“मग आज आपण पाचवं बघायला चाललोय. तुला काही अडचण?”

“मला कसली अडचण!” असं म्हणाला आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

घरी त्याची आई, वर्के. वडील तो लहान असताना गेले. एक बहीण, ती बैरूतला लोकांच्या घरी कामाला. म्हणजे घरात म्हातारी एकटी, आणि महिन्यातून दोनदा येणारा हा. घराच्या मागे एन्सेटची दाट राई, हिरवी भिंतच. म्हातारीने मला बसायला स्वतःचं बुटकं आसन दिलं आणि कॉफीचा कप पुढे केला. डाव्या हाताने! इथे पाहुण्याला काही द्यायचं तर उजव्या हाताने, वर डाव्याचा टेकू. लहान पोरसुद्धा चुकत नाही. मी मनात म्हटलं, आलो ते आवडलेलं नाही बाईला. दुसरा कपही डाव्याच हाताने आला. मग मी नीट पाहिलं. उजवा हात शालीत होता तो शालीतच राहिला. एकदा शाल सरकली तेव्हा दिसला: मनगटापासून वाळलेल्या फांदीसारखा लोंबता. तिने डाव्या हाताने उचलून तो परत मांडीवर ठेवला, आपण पदर सारखा करतो तसा, न बघता.

“आई म्हणते, गाशे बारीक झालात,” लेदामो म्हणाला.

“मी यापूर्वी कधी आलोच नव्हतो.”

“ती सगळ्या पाहुण्यांना म्हणते.”

“बरं, तिला विचार, मागच्या पावसानंतर तू जे तंतू आणलेस ते कोणी खरवडले?”

त्याने विचारलं. ती माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत बराच वेळ बोलली. त्यांची सिदामा भाषा मला येत नाही. माझं काम अम्हारिकवर भागतं. शेवटी तो म्हणाला, “आई म्हणते, तिनेच.”

एवढं लांब उत्तर आणि भाषांतर दोन शब्दांचं. अण्णा सूत्रावर भाष्य करताना याच्या बरोबर उलट करायचे.

मी पाय मोकळे करतो म्हणून उठलो. राईच्या पलीकडून खर्र खर्र असा आवाज येत होता आणि त्यावर बायकांचं गाणं. शेजारणी खरवडत होत्या. म्हटलं, प्रत्यक्ष प्रमाण चालून आलं आहे, बघून घ्यावं. चार पावलं गेलो असेन, तर लेदामोने मागून दंड धरला.

“गाशे, तिकडे नाही!”

“नुसतं बघतो.”

“बघायचंच तर नसतं!”

तोवर एक मातीचं ढेकूळ माझ्या पायाशी येऊन फुटलं. पानांतून एका आजीबाईचं डोकं वर आलं, तिने मला उद्देशून एक भाषण केलं आणि मागे हशा झाला.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, म्हातारा आहे आणि परका आहे म्हणून सोडते. नाहीतर फळी डोक्यात घातली असती.”

म्हणजे बघ, पुरावा पाहायला परीक्षकालाच बंदी. निघताना म्हातारीने मला मधाचा एक डबा दिला. डाव्या हाताने. मी दोन्ही हातांनी घेतला.

आता माझा तर्क ऐक आणि चूक काढ. आकडे एका ओळीत आहेत. हे कधी होईल? दहा बायकांनी खरवडलेला माल बाजारातून आणला तर नाही होणार. प्रत्येकीचा हात वेगळा, कोणी पातं जोरात ओढते, कोणी हलकं, तंतूला कमीजास्त जखमा होतात आणि आकडे पांगतात. म्हणजे बाजारातला माल नाही. एकाच हाताने, एकाच दाबाने खरवडलेला असेल तरच असे आकडे येतील. तो हात कोणाचा? आईचा हात निकामी. बहीण बैरूतला. शेजारीण म्हणावी तर ती स्वतःचं सोडून याचं ढीगभर काम एकटी का करील? आणि तो स्वतः तर पुरुष. एकेक करून सगळे हात गळले. उरतं काय? तो हात नाहीच. आकडे खोलीत बसून लिहिलेले आहेत. आईने माझ्यासमोर खोटं सांगितलं ते पोराला वाचवायला.

मला वाईट वाटलं, विदू. मुलगा मला आवडतो. पण तुझ्या प्रयोगशाळेत खोटे आकडे लिहिणारा माणूस माझ्या शब्दावर पाठवू काय? सोमवारी विभागप्रमुख दांगिसो यांना आईच्या हाताचं सांगणार आहे. ते स्वतः सिदामा आहेत. त्यांना बाकीचं सांगावं लागणार नाही. तसं त्यांच्या कानावर मी आधी थोडंसं घातलेलं आहेच. त्याआधी न्याय म्हणून लेदामोला एक संधी देतो: त्याने माझ्या देखत नवे तंतू आणावेत, कोणाकडून आणि कसे ते सांगावं, आणि आपण ते पुन्हा तोडून पाहू.

त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी दाराबाहेर कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, “रविवारी. सगळे चर्चमध्ये असतील तेव्हा.”

हे का, ते मला कळलं नाही. संशय मात्र वाढला.

तुझा,
अच्युतदादा


आवासा,
२ एप्रिल

प्रिय विदू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. तू लिहितेस, ‘नावं पाठवायची मुदत संपत आली, दादा, हो की नाही?’ मुदत मला माहीत होती. आधी काय लिहावं ते समजत नव्हतं, मग समजलं आणि लिहावं की नाही ते समजेना. आज लिहितो, आणि लेदामोच्या परवानगीने लिहितो. हे पत्र टपालाने नाही, राजधानी अदिसहून थेट तुमच्या गावी येणाऱ्या एका नर्सबाईंच्या हाती येईल. त्यांनाही मराठी येत नाही. खात्री करून घेतली.

रविवार. आवार ओस. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी लेदामो एक पोतं आणि एक फळी घेऊन उभा. एकटाच.

“बाई कुठे आहे?” मी विचारलं.

“कोणती बाई?”

“खरवडणारी.”

तो आत आला, मागचं दार लावलं, पुढचं लावलं, खिडक्यांवर पडदे ओढले. ताण देणाऱ्या यंत्राशेजारच्या मोकळ्या जागेत प्लास्टिक अंथरलं. फळी भिंतीला कलती टेकवली. मग बूट काढले, मोजे काढले, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

“गाशे, बाहेर थांबलात तरी चालेल. आत थांबणार असाल तर हसू नका.”

पोत्यातून त्याने एक जुनी बायकांची ओढणी काढली आणि डोक्याला बांधली, मागे गाठ, कपाळावर पुढे ओढून. “हिच्याशिवाय हात चालत नाही,” असं म्हणाला. “सवय.”

मग तो जमिनीवर बसला. एक पाय उचलला, सोपाचं वरचं टोक टाचेने फळीवर दाबून धरलं, दोन्ही हातांत बांबूचं पातं घेतलं आणि वरून खाली ओढलं. खर्र. पुन्हा. हिरवट आंबूस वास सुटला. गर घसरून खाली गेला आणि पात्याखालून पांढरे तंतू असे उलगडत आले की मी घड्याळ हातात धरून नुसता उभा राहिलो. तो काहीतरी गुणगुणत होता, ओठ मिटून. राईपलीकडे ऐकलं होतं तेच, बायकांचं. ओढीचा ताल त्या गाण्यात होता. गाणं न थांबता चाललं होतं, म्हणून दाब बदलत नव्हता. माझ्या सगळ्या आकड्यांचं उत्तर जमिनीवर बसलं होतं, डोक्याला ओढणी बांधून.

मी हसलो नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“आठवीत होतो. आईचा हात गेला त्या वर्षी. बहीण फार लहान होती. खड्डा रिकामा झाला की खायला काय?” पातं थांबलं नाही. “राईत मधोमध बसायचो. आईचे कपडे घालून. लांबून कोणी पाहिलं तर आईच दिसेल. आई बाजूला बसून मोठ्याने गायची, म्हणजे आवाज बाईचा यावा. तुम्ही आलात तेव्हा ती मला तेच सांगत होती इतका वेळ. म्हणत होती, याला सांग की मी गाते, म्हणजे मीच खरवडते. खोटं नाही व्हायचं.”

“आणि तू सांगितलंस, तिनेच.”

“लांबलचक सांगून तुम्हाला पटलं असतं?”

“कोणाकोणाला माहीत आहे हे?”

“आईला. बहिणीला. आता तुम्हाला. आमच्याकडे तिघांना कळलं म्हणजे बाजार भरला, गाशे.”

“मग कागदावर लिहिलंस कशाला, शहाण्या?”

आता त्याने पातं खाली ठेवलं. “तुम्हीच पहिल्या वर्षी शिकवलंत. नमुना कोणी केला, कसा, कशाने, ते लिहा. नाही लिहिलं तर ते विज्ञान नाही, कॉफीवरच्या गप्पा. मला वाटलं, इंग्रजीतलं आमच्या डोंगरात कोण वाचतंय! बंगळूरला वाचतील आणि त्यांना ससा काय, शिंग काय, सगळं सारखंच.”

सशाचं शिंग मीच वर्गात सांगितलेलं. आपली उदाहरणं अशी आपल्यावर फिरतात.

मी म्हटलं, “सोपं आहे. ती ओळ बदल. घरच्या बायकांनी काढले असं लिही. दांगिसो खूश, समिती खूश, आई सुरक्षित.”

“मग नमुना खोटा होईल.”

“आणि सध्या काय आहे?”

“सध्या मी खोटा आहे, गाशे. नमुना खरा आहे.”

विदू, ती ओळ तशीच राहिली.

आता ज्याला मी दोन पत्रांत वळसा घालत आलो ते. तुला पहिल्या पत्रात लिहिलं, मी ‘फारसं’ बोललो नाही. दुसऱ्यात लिहिलं, दांगिसोंच्या कानावर ‘थोडंसं’ घातलं. ते तसं नव्हतं. पहिलं पत्र लिहायच्या दोनच दिवस आधी विभागाची बैठक झाली. लेदामोचं नाव पुढे आल्यावर मी उठून, सगळ्यांसमोर, त्याच्याही समोर, ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, “एकोणीस वर्षांत मी इथे एकही सिदामा पुरुष पात्याला हात लावताना पाहिलेला नाही. ज्याचं पहिलंच वाक्य असं, त्याचे आकडे तरी कुठल्या शेतात उगवले?” लोक खूप हसले. मला चांगलं हसवता येतं, तुला माहीत आहे. लेदामो मान खाली घालून बसला होता. मी ते कबुलीसारखं घेतलं. दांगिसोंनी त्याचं नाव अडवून ठेवलं ते माझ्या त्या विनोदावर.

आणि आता तो विनोद मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागणार. कारण मी देऊ शकत नाही; म्हणून सोमवारी दांगिसोंना आईच्या हाताचंही सांगितलं नाही. त्याच्या गावात हे कळलं तर त्याची टिंगल होईल ती होईलच. ती तो सोसेल म्हणतो. पण वर्केच्या खड्ड्यातलं कोणी खाणार नाही. इतकी वर्षं तिने लग्नांत, मयतांत शेजाऱ्यांना वाढलं ते पुरुषाच्या हाताचं होतं, असं निघेल. त्या डोंगरात म्हातारीच्या घरचं कोणी खाल्लं नाही तर ती जिवंत आहे असं कोण म्हणणार? तो मला म्हणाला, “तुमच्या बहिणीला सांगा. मला शिकवणार, तर हात कोणाचा ते त्यांना माहीत पाहिजे. इथे कोणालाही नको. त्यापायी जागा गेली तर जाऊ दे.”

तंतू वाळायला वेळ दिला. मग दोघांनी मिळून पट्ट्या केल्या आणि यंत्रावर तोडल्या. आकडे त्याच ओळीत येऊन बसले.

म्हणून मागच्या मंगळवारी मी पुन्हा बैठकीत उभा राहिलो.

“लेदामोच्या कामावर मी घेतलेली हरकत परत घेतो,” मी म्हटलं. “माझी चूक झाली. आकडे खरे आहेत.”

दांगिसो चष्मा काढून म्हणाले, “कशावरून?”

“तंतू निघताना मी स्वतः पाहिले. पुन्हा तोडले.”

“कोणी काढले?”

“ते मी सांगणार नाही.”

“सांगणार नाही?” त्यांनी चष्मा परत घातला. “प्रोफेसर, मागच्या बैठकीत तुम्ही टेबलावर थाप मारून आमच्या रीतीभाती आम्हालाच समजावून सांगत होतात. आज तोंडाला कुलूप. मध्ये काय झालं?”

मागून कोणीतरी म्हणालं, “मध्ये मध मिळाला.” जीपच्या ड्रायव्हरने डबा पाहिला होता. पुन्हा सगळे हसले, मागच्यापेक्षा मनापासून.

लेदामो उठायला लागला. त्याचं तोंड मला दिसत होतं. तो सांगणार होता. मी त्याच्याकडे बघून, मास्तराच्या आवाजात, “बस खाली,” असं म्हटलं. एकोणीस वर्षांचा सराव कामी आला. तो बसला. मग मी बैठकीला म्हटलं, “मध फार चांगला होता. हरकत परत घेतली आहे, तेवढं लिहून घ्या.”

दांगिसोंनी लिहून घेतलं. दुसऱ्या कोणाची हरकत नव्हती. त्या वाक्याबद्दल ते एवढंच म्हणाले की आमची पोरं आईने राबून केलेलं आपल्या नावावर लिहितात, ही जुनी खोड आहे. त्यासाठी नाव अडवण्यात अर्थ नाही. सगळ्यांना ते पटलं. मला त्यांच्याकडे बघताना एकदा वाटलं की त्यांना काहीतरी उमगलं असावं आणि त्यांनी मुद्दाम हे दार उघडून दिलं असावं. तेही त्याच डोंगरातले आहेत. पण हा माझा नुसता तर्क, आणि माझ्या तर्कांचा भाव सध्या उतरलेला आहे. लेदामोचं नाव त्याच संध्याकाळी तुमच्याकडे रवाना झालं. बैठक संपताना ते मला म्हणाले, “परीक्षकांच्या यादीत यापुढे तुमचं नाव ठेवता येणार नाही. तुम्ही समजून घ्याल.” मी घेतलं.

तर तुझ्या प्रश्नाला उत्तर: हो. खरा आहे. घे त्याला, आणि त्याच्यावर दया करू नकोस. त्याचं राळेचं रसायन कच्चं आहे, तिथे त्याला रडव. त्याला पुन्हा तंतू काढायला लागतील. तुमच्याकडे या डोंगरातली अजून दोन मुलं शिकतात असं ऐकतो. तो खरवडायला बसेल तेव्हा दार आतून लावून घे, आणि प्रबंधासाठी छायाचित्र लागलं तर हात आणि फळी एवढंच घे, टाच आली तरी चालेल, चेहरा नको. तो ओढणी बांधेल. हसू नकोस. मला वाटतं तू नाही हसणार.

इकडे माझी कीर्ती सरोवराच्या दोन्ही काठांना पोचली आहे. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी लोक जरा विचार करून बसतात. काल येशीने कॉफी ओतता ओतता विचारलं, “गाशे, खरंच फक्त मधावर भागवलंत? मी तर म्हटलं, निदान एक बकरा तरी मागितला असेल!” मी म्हटलं, बकरा उपासानंतर येणार आहे. ती हसली, पण कप नेहमीसारखा काठोकाठ भरला नाही. माझा करार जूनअखेर संपतो. दरवेळी मार्चमध्येच नव्याची बोलणी होतात. यंदा मार्च गेला.

लेदामो रोज संध्याकाळी येतो. राळेच्या रसायनाचं पुस्तक घेऊन बसतो. मी त्याच्या चुका काढतो. काल पुस्तकातून मान वर करून म्हणाला, “गाशे, मी गेल्यावर इथे तुमच्याबद्दल हेच राहील.” मी त्याला पुढचं पान उलटायला सांगितलं.

शेवटी एकच मागणं. ही गोष्ट फिरत फिरत तुमच्याकडे येणार. वर्गीस सर आहेत, परिषदा आहेत, आपले लोक आहेत. कोणीतरी तुला चहाच्या वेळी सांगेल की तुझा तो आफ्रिकेतला भाऊ मधाच्या डब्यावर विकला गेला आणि म्हणून हा मुलगा तुझ्याकडे आला. तेव्हा तू रागावशील, मी ओळखतो तुला. माझी बाजू घेऊ नकोस. तू ‘नाही’ म्हणालीस की ते ‘मग कसं?’ विचारतील, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आर्बेगोनाच्या वर एका घरात डाव्या हाताने कॉफी देत बसलेलं आहे. तू फक्त म्हण, असेल बाई, दादाला गोड पहिल्यापासून आवडतं. आणि चहा पी.

यापुढे याबद्दल कोणाहीजवळ काहीही न बोलणारा,
तुझा
अच्युतदादा